भार, धातू आणि काढता न येणे: नाशिक परिसरातील स्त्रीभूषणे व आरोग्य

स्त्रियांच्या पारंपरिक दागिन्यांचा त्यांच्या शरीरावर काय परिणाम होतो, या प्रश्नाची चर्चा बहुतेक वेळा एकाच उदाहरणापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. ते उदाहरण म्हणजे म्यानमारच्या कया प्रांतातील आणि तेथून विस्थापित होऊन थायलंडच्या मे होंग सोन भागात राहिलेल्या कायान स्त्रियांच्या गळ्यातील पितळी वेढे. ही सुटी कडी नसतात, तर जाड पितळी सळईला दिलेली सलग वळणे असतात. मुलगी साधारण पाच वर्षांची झाली की पहिला वेढा चढतो, ती वाढेल तसा तो उतरवून अधिक वळणांचा घातला जातो आणि प्रौढपणी गळ्यावर काही किलोंचे वजन कायमचे येते. जॉन केशिशियन या अमेरिकी शल्यचिकित्सकाने १९७९ मध्ये क्ष-किरण चित्रांच्या आधारे दाखवून दिले, की या वेढ्यांमुळे मानेचे मणके ताणले जात नाहीत. गळ्याखालचे आडवे हाड, म्हणजे जत्रुक, आणि वरच्या बरगड्या खाली दाबल्या जातात, खांदे उतरते होतात आणि म्हणून मान लांब भासते. वेढा काढला की मान मोडते ही समजूतही खरी नाही. वेढा बदलताना तो काढावाच लागतो आणि अलीकडे काही तरुणींनी तो कायमचा उतरवलाही आहे, मात्र त्यानंतर काही काळ मानेचे स्नायू अशक्त वाटतात व त्वचेचा रंग बदललेला दिसतो. २००७ मध्ये संशोधकांनी याच स्त्रियांच्या चेहऱ्याची व दातांची ठेवणही तपासली, म्हणजे अभ्यास मानेवरून जबड्यापर्यंत पोहोचला.

या उदाहरणामुळे अभ्यासकाचे आणि सामान्य वाचकाचेही लक्ष दागिन्याचे वजन व त्याचा आकार यांवरच खिळून राहते. नाशिक जिल्ह्यापुरता विचार केला तर हा रोख अपुरा ठरतो. येथे दागिन्यांमुळे होणारा अपाय वजनातून थोडा आणि बदललेल्या धातूतून बराच अधिक होतो. पण सर्वांत गंभीर अपाय होतो तो गरजेच्या क्षणी दागिना अंगावरून काढता येत नाही, किंवा काढू दिला जात नाही, तेव्हा. प्रस्तुत आढाव्यात या तीन बाजू त्याच क्रमाने तपासल्या आहेत.

जिल्ह्याच्या लोकसंख्येत २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे चौथा हिस्सा अनुसूचित जमातींचा आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, कळवण, दिंडोरी, बागलाण या तालुक्यांत कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर, भिल्ल, काथोडी या समाजांची वस्ती असून पूर्वेकडे नांदगावच्या बाजूस बंजारा तांडे आहेत. गळ्याला वेढून छातीच्या वरच्या भागावर टेकणारी चांदीची सरी, नाण्यांची किंवा पुतळ्यांची माळ, ठाकर स्त्रियांच्या गळ्यातील काचमण्यांच्या अनेक सरांच्या माळा, दंडातील वाकी, पायांतील वाळे व तोडे, बंजारा स्त्रियांची हासली, गालांवर लोंबणारी घुगरी व टोपली आणि मनगटापासून दंडापर्यंत चढवलेल्या बलिया, असा हा मोठा संभार आहे. गावठाणात व शहरात ठुशी, वज्रटीक, बोरमाळ, मोहनमाळ, मंगळसूत्र, नथ, बुगडी, जोडवी हे दागिने चालतात. जड दागिना ही केवळ आदिवासी किंवा भटक्या समाजांची गोष्ट नव्हे, हे कार्ल्याच्या चैत्यगृहातील दांपत्यशिल्पे पाहिली तरी कळते. त्या स्त्रियांच्या पायांत जाडजूड वाळे आणि कानांत मोठाली कर्णभूषणे कोरलेली आहेत.

प्रथम वजनाचा विचार. कायान वेढ्यांच्या सर्वांत जवळचा प्रकार या प्रदेशात गळ्यात नव्हे, तर पायांत होता. एकोणिसाव्या शतकातील खानदेशाच्या वर्णनांत भिल्ल स्त्रियांच्या पायांत घोट्यापासून वरपर्यंत चढवलेल्या पितळी वाळ्यांचा उल्लेख येतो. अशा दागिन्याने घोट्याच्या उंचवट्यावर घट्टा पडतो, त्वचा काळवंडते व जाड होते, घर्षणाने जखम झाली तर ती ओल्या हवेत चिघळते. मनगटात किंवा दंडात घट्ट बसलेल्या कड्याने कातडीलगतच्या मज्जातंतूवर दाब येऊन अंगठ्याच्या मागच्या बाजूस मुंग्या किंवा बधिरता येऊ शकते. घट्ट घड्याळाने किंवा बेडीने होणारा हाच विकार वैद्यकाला चांगला परिचित आहे. परंतु हाडांची ठेवण बदलणे हा कायान स्त्रियांत दिसणारा परिणाम येथे होत नाही, आणि त्याचे कारण शरीररचनेत आहे. वाढत्या वयातील हाड दाबाला वळते, पूर्ण वाढ झालेले हाड सहसा वळत नाही. कायान मुलीच्या गळ्यात वेढा पाचव्या वर्षी येतो, तर सरी, हासली किंवा जड तोडे हे प्रामुख्याने लग्नाबरोबर येणारे दागिने आहेत. शिवाय सरीचे वजन एकाच कड्याचे असते आणि ते जत्रुकांवर व उरोस्थीवर विभागले जाते; एकावर एक वळणे चढवून खालून खांदे व वरून हनुवटी यांच्यात पाचर बसावी तशी त्याची रचना नसते.

मानदुखीचा प्रश्न मात्र या भागात खरा आहे, आणि त्याचे कारण गळ्यातील दागिन्यात शोधणे म्हणजे डोक्यावरील ओझ्याकडे डोळेझाक करणे होय. पेठ व सुरगाणा तालुक्यांतील पाड्यांवर उन्हाळ्यात स्त्रिया डोक्यावर एकावर एक हंडे ठेवून चढ-उतार करीत पाणी आणतात. भरलेला मोठा हंडा १५ ते २० किलोंचा होतो, त्यापुढे सरीचे वजन नगण्य आहे. दक्षिण आफ्रिका, घाना व व्हिएतनाम या तीन देशांतील पाणी वाहणाऱ्या लोकांची पाहणी करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने डोक्यावरून पाणी वाहणे आणि मान, पाठ व हातापायांच्या वेदना यांचा संबंध दाखवला आहे. परंपरेच्या दागिन्यावर बोट ठेवणे सोपे असते, कारण त्यासाठी कोणत्याही योजनेला जाब द्यावा लागत नाही; नळ नसल्यामुळे झिजणारी मान मात्र कोणाच्या तरी जबाबदारीचा विषय होते.

वजनाच्या बाबतीत एकच अवयव खरोखर दुबळा ठरतो, तो म्हणजे कानाची पाळी. तिच्यात हाड नाही आणि कूर्चाही नाही. केवळ त्वचा, चरबी व तंतुमय ऊती असल्यामुळे जड कुड्या-झुमक्यांनी भोक हळूहळू ओघळत जाते आणि शेवटी पाळी दुभंगते. तमिळनाडूच्या दक्षिण भागातील वृद्ध स्त्रियांच्या, पांबडम नावाच्या जड दागिन्यांनी खांद्यापर्यंत लोंबणाऱ्या पाळ्या हा याचा टोकाचा आविष्कार आहे. मराठी दागिनेकारांनी या दुबळेपणाची जाण ठेवली होती असे मानण्यास जागा आहे, कारण कानातील जड दागिन्याला जोडून केसांत अडकवला जाणारा वेल पाळीवरचा भार उचलून केसांवर टाकतो. शोभेचा म्हणून ओळखला जाणारा हा सर प्रत्यक्षात आधाराचे काम करतो. अलीकडे वेल गेले आणि लग्नसराईत झुमके मात्र पुन्हा मोठे झाले, याचा परिणाम शहरातील शल्यचिकित्सकांकडे पाळी शिवून घेण्यासाठी येणाऱ्या स्त्रियांच्या रूपाने दिसतो.

पाळी शिवण्याची विद्या या देशात फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात सहाव्या किंवा सातव्या महिन्यात कान टोचण्याचा विधी, भोकात तेलात भिजवलेली कापसाची वात घालून दर तीन दिवसांनी ती थोडी जाड करीत जाण्याची पद्धत आणि तुटलेल्या पाळीला जोडण्याचे पंधरा प्रकार सांगितले आहेत. त्याच अध्यायाच्या अखेरीस कापलेले नाक नव्याने घडवण्याची कृती येते, म्हणजे ज्या शस्त्रक्रियेसाठी सुश्रुताचे नाव जगभर घेतले जाते तिचे वर्णन दागिन्याने फाटलेल्या कानाच्या चर्चेला लागून आले आहे. चुकीच्या शिरेवर टोचल्यास ज्वर, दाह, सूज, तसेच मान आखडणे व झटके येणे ही लक्षणे उद्भवतात, अशीही नोंद तेथे आहे; शेवटची दोन लक्षणे वाचताना आजच्या वाचकास धनुर्वात आठवल्याशिवाय राहत नाही. टोचण्याची जागा व साधनाची स्वच्छता हे प्रश्न आजही संपलेले नाहीत. पाळीतील भोक सहसा निर्वेध भरून येते, पण बुगडीसाठी किंवा नव्या चालीप्रमाणे कानाच्या वरच्या कडेला पाडलेले भोक कूर्चेतून जाते, आणि कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसल्यामुळे तेथे जंतुसंसर्ग झाला तर औषध पोहोचण्यास वेळ लागतो व कानाचा आकार कायमचा चुरगळू शकतो. एकच सुई अनेकांना वापरल्यास कावीळ ब सारखा रक्तातून पसरणारा आजार संक्रमित होऊ शकतो. बंदुकीसारख्या यंत्राने कान टोचण्याची पद्धत झटपट असली, तरी पुष्कळ यंत्रांचे नीट निर्जंतुकीकरण होऊ शकत नाही व कूर्चेवर त्यांचा आघात अधिक बसतो, हे पालकांना सहसा सांगितले जात नाही.

नाकातील दागिना कानातल्याइतका प्राचीन नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील संशोधक प. कृ. गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेवर लिहिलेला शोधनिबंध या संदर्भात महत्त्वाचा मानला जातो. आरोग्याच्या दृष्टीने नथीपेक्षा चमकी अधिक काळजीची आहे, कारण तिची आतील फिरकी सैल होऊन झोपेत श्वासनलिकेत गेल्याची उदाहरणे भारतीय वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. अनेक आठवडे न थांबणारा खोकला आणि नाकातून नाहीशी झालेली फिरकी यांचा संबंध रुग्ण स्त्रीने स्वतः सांगितल्याशिवाय सहसा डॉक्टरच्या लक्षात येत नाही.

धातूचा प्रश्न याहून व्यापक आहे, कारण तो परंपरेतून आलेला नसून परंपरा परवडेनाशी झाल्यातून निर्माण झाला आहे. चांदीचा भाव २०२५ मध्ये किलोला एक लाख रुपयांच्या पुढे गेला. त्याच्या कितीतरी आधीपासून आदिवासी भागातील आठवडे बाजारांत चांदीची जागा गिलटाने आणि जर्मन सिल्व्हरने घेतली होती. नावात चांदी असली तरी जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते. ते तांबे, निकेल व जस्त यांचे मिश्रण असून त्यात तांबे साधारण ६० टक्के असते व उरलेल्या भागात निकेलचा वाटा मोठा असतो. शहरात हाच बदल दुसऱ्या वाटेने आला. सोनसाखळी चोरीच्या भीतीने स्त्रियांनी खरे मंगळसूत्र कपाटात किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले आणि रोजच्या वापरासाठी एक ग्रॅम सोन्याच्या मुलाम्याचे किंवा खोटे मंगळसूत्र घेतले. दुचाकीवरून येऊन गळ्यातील दागिना हिसकावणे हे गळ्यावर कापल्याच्या जखमेपासून वाहनावरून पडून डोक्यास मार लागण्यापर्यंत अनेक दुखापतींचे कारण ठरते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा हिसकावणीला स्वतंत्र गुन्ह्याचे स्थान मिळाले आहे. पण या चोरीचा जो परिणाम पोलिसांच्या नोंदीत येत नाही, तो म्हणजे हजारो गळ्यांवर सोन्याऐवजी निकेल आले.

निकेल घामात विरघळते. विरघळलेले सूक्ष्म कण त्वचेतून आत शिरून तेथील प्रथिनांशी संयोग पावतात, शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या संयुगाला परके समजते आणि एकदा ही ओळख पक्की झाली की पुढे प्रत्येक स्पर्शाला त्वचा खाज, पुरळ, पाणी सुटणे व खपली धरणे अशा रीतीने उत्तर देते. या विकाराला संपर्कजन्य इसब म्हणतात. ही संवेदनशीलता सहसा आयुष्यभर टिकते, त्यामुळे लहानपणी स्वस्त बाळीने ती जडलेल्या मुलीला पुढे घड्याळाचा पट्टा, कमरेचे बटण, चष्म्याची काडी यांचाही त्रास होऊ शकतो. भारतातील त्वचारोग विभागांत केल्या जाणाऱ्या पॅच-चाचण्यांत, म्हणजे संशयित पदार्थ पाठीवर चिकटवून दोन दिवसांनी त्वचेचा प्रतिसाद पाहण्याच्या तपासणीत, स्त्रियांमध्ये निकेल हे सातत्याने आघाडीवरील कारण आढळते. एप्रिल-मे महिन्यांत कांदा काढणीला वाकलेल्या स्त्रीच्या मानेवरून घाम ओघळत असताना खोट्या माळेखालची त्वचा लाल होते, मण्यांच्या रांगेची नेमकी नक्षी मानेवर उमटते. ही नक्षीच निदान सांगत असते, पण ती वाचणारा वेळेवर भेटत नाही. घरात तिला नायटा समजले जाते, औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड, बुरशीनाशक व प्रतिजैविक एकत्र असलेले मलम आणले जाते, आठवडाभर बरे वाटते, माळ मात्र गळ्यातच राहते. मग मलम वर्षानुवर्षे चालू राहते, त्वचा पातळ होते, पांढरे चट्टे पडतात, आणि मूळ कारण असलेला दागिना निर्दोष ठरतो. या एका दुष्टचक्रामुळे जितक्या स्त्रियांना त्रास होतो, तितक्यांना जड सरीमुळे कधीही झाला नसेल.

या बाबतीत युरोपचा अनुभव मार्गदर्शक आहे. युरोपीय संघाने १९९४ मध्ये त्वचेशी दीर्घकाळ संपर्कात राहणाऱ्या वस्तूंतून सुटणाऱ्या निकेलवर मर्यादा घातली. ही मर्यादा वस्तूत निकेल किती आहे यावर नसून ते दर आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे किती सुटते यावर आहे आणि टोचलेल्या भोकात बसणाऱ्या दागिन्यांसाठी ती अधिक कडक आहे. त्यानंतर तेथील तरुण मुलींमध्ये निकेलच्या संवेदनशीलतेचे प्रमाण घटल्याचे आढळले, म्हणजे उपाय उपलब्ध आहे व तो लागू पडतो. भारतात सोन्याच्या दागिन्यांवरील हॉलमार्क १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, परंतु तो शुद्धतेचा शिक्का आहे. जो दागिना सोन्या-चांदीचा नाहीच, त्यातून काय सुटते याबद्दल तो काही सांगू शकत नाही, आणि गरीब स्त्रीच्या अंगावर नेमका तोच दागिना असतो. निकेल सुटते की नाही हे पाहणे मात्र अवघड नाही: डायमिथाइल ग्लायॉक्सिम व अमोनिया यांच्या द्रावणात भिजवलेला कापसाचा बोळा दागिन्यावर अर्धा मिनिट घासला आणि तो गुलाबी झाला, तर निकेल आहे असे समजावे. स्वस्त खोट्या दागिन्यांतील शिसे व कॅडमियम हे मुलांच्या दृष्टीने आणखी धोक्याचे आहेत, कारण मुले दागिना तोंडात घालतात. अमेरिकेतील मिनिआपोलिस येथे २००६ मध्ये जवळजवळ संपूर्ण शिशाचे लहान पदक गिळल्यामुळे चार वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला होता.

दागिन्यांच्या आरोग्यदायी गुणांबद्दलही पुष्कळ बोलले जाते. जोडव्यांमुळे गर्भाशयाशी जोडलेली नस दाबली जाऊन मासिक पाळी नियमित होते, चांदी शरीरातील उष्णता शोषते, तांब्याचे कडे संधिवात घालवते, अशी विधाने लग्नाच्या पत्रिकेपासून पाठ्यपुस्तकेतर वाचनापर्यंत सर्वत्र आढळतात. पायाच्या बोटातून गर्भाशयाकडे जाणारी अशी कोणतीही स्वतंत्र नस शरीररचनाशास्त्राला ज्ञात नाही. तांब्याच्या कड्याची इंग्लंडमध्ये रीतसर तुलनात्मक चाचणी झाली असून संधिवाताच्या रुग्णांत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्याचा परिणाम दिखाऊ कड्याहून वेगळा आढळला नाही. उलट इगतपुरी व पेठच्या भातशेतीत आवणीच्या दिवसांत तासन् तास चिखलात उभ्या राहणाऱ्या स्त्रीच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, आणि जोडव्याखाली साचलेली ओल त्या लवकर बऱ्या होऊ देत नाही, हा अनुभव तेथील प्रत्येक घरात आहे. दंडापर्यंत चढवलेल्या बलियांखालची त्वचाही अशीच कोरडी होऊ शकत नाही.

दागिन्याचा एक आरोग्यविषयक उपयोग मात्र निर्विवाद आहे, आणि तो धातूच्या गुणांशी नव्हे तर त्याच्या किमतीशी संबंधित आहे. अडलेली बाळंतीण, सर्पदंश झालेला मुलगा किंवा शस्त्रक्रियेची पाळी आलेला नवरा यांच्यासाठी रातोरात पैसा उभा करायचा तर घरातील स्त्रीचे चांदीचे वाळे किंवा डोरले सावकाराकडे, सराफाकडे गहाण पडते. स्त्रीच्या नावावर सहसा जमीन नसते, घर नसते. अंगावरची चांदी हीच तिची मालमत्ता असते. चांदीच्या जागी गिलट आले तेव्हा त्वचेबरोबर या आधाराचीही हानी झाली, ही गोष्ट धातूबदलाच्या चर्चेत विसरली जाऊ नये.

आता तिसऱ्या आणि सर्वांत महत्त्वाच्या बाजूकडे वळता येईल. वर्तुळाकार व न ताणणारा कोणताही दागिना शरीराचा तो भाग सुजला की फास बनतो. आधी शिरांतून परत जाणारे रक्त अडते, त्यामुळे सूज वाढते, वाढलेल्या सुजेने धमनीही दाबली जाते आणि काही तासांत बोट काळेनिळे पडते. हाताला किंवा पायाला घोणस, फुरसे अथवा नाग चावल्यास अशी सूज झपाट्याने चढते. म्हणून सर्पदंशाच्या प्रथमोपचारात अंगठी, बांगड्या, जोडवी, वाळे तत्काळ काढावेत असे स्पष्ट सांगितलेले असते. भातखाचरात किंवा सरपण गोळा करताना दंश झालेल्या स्त्रीच्या पायात जोडवी आणि वाळे असतात, बहुतेकदा लग्नापासून न काढलेले, झिजून व मांस चढून घट्ट झालेले. दवाखान्याची वाट तासाभराची असते आणि त्या तासात जोडव्याखालचे बोट वाचवायचे की नाही हे ठरत असते. जाड वाळे कापण्याचे साधन प्राथमिक आरोग्य केंद्रात नसेल तर सोनाराला किंवा वेल्डिंगच्या दुकानदाराला बोलवावे लागते. बोटातील जोडवे किंवा अंगठी काढण्याची एक साधी रीत मात्र कोणालाही करता येते: बोटाच्या टोकाकडून दागिन्यापर्यंत जाड रेशमी दोरा घट्ट व सलग गुंडाळायचा, त्याचे मागचे टोक दागिन्याखालून पुढे ओढून घ्यायचे, आणि साबण लावून ते टोक उलगडत गेले की दागिना दोऱ्यावरून सरकत बाहेर येतो.

गर्भारपणातील सूज हा याच प्रकारातला, पण उपयोगी पडू शकणारा प्रसंग आहे. सातव्या महिन्याच्या सुमारास डोहाळजेवणाच्या निमित्ताने कासाराकडून हिरव्या बांगड्या भरल्या जातात. कासार हाताचा पंजा चेपून, अंगठ्याचे मूळ दाबून बांगडी मनगटावर उतरवतो. त्या बांगड्या पुढील पंधरा दिवसांत अचानक रुतू लागल्या, जोडवी फिरेनाशी झाली, तर तो वाढत्या रक्तदाबाचा इशारा असू शकतो, आणि अशा वेळी आशा कार्यकर्तीने रक्तदाब व लघवीतील प्रथिने तपासून घेण्याचा आग्रह धरला तर गर्भारपणातील झटक्यांसारखी जीवघेणी अवस्था वेळीच ओळखता येते.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर दागिना नको, यामागे ठोस कारणे आहेत. रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या विद्युत-उपकरणाचा प्रवाह धातूच्या स्पर्शाच्या जागी एकवटून भाजण्याची शक्यता असते. गळ्यातील माळ क्ष-किरण चित्रात मणक्यांवर सावली टाकते. एमआरआयच्या चुंबकाजवळ लोखंड वा निकेल असलेला खोटा दागिना खेचला जाऊ शकतो. आणि भूल देताना श्वासमार्ग तातडीने मोकळा करायचा झाला तर गळा रिकामा असावा लागतो. तरीही सिव्हिल रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहाबाहेर मंगळसूत्र व जोडव्यांवरून होणारी अडवणूक ही परिचारिकांच्या रोजच्या अनुभवातली बाब आहे. शेवटी चिकटपट्टीने जोडवी झाकली जातात, मंगळसूत्र कापसाच्या पट्टीत गुंडाळून दंडाला बांधले जाते, आणि धोका थोडा कमी करून काम पुढे जाते.

या नकाराला अज्ञान म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे आहे. ज्या समाजात नवरा वारल्यावर बाईच्या हातातल्या बांगड्या दगडावर फोडल्या जातात, जोडवी उतरवली जातात, गळ्यातले डोरले तोडले जाते, त्या समाजात दागिना काढणे ही कृती एकाच अर्थाची होऊन बसते. स्ट्रेचरवर निजलेल्या बाईला कोणी जोडवी काढ म्हटले तर तिच्या मनात पहिली भीती शस्त्रक्रियेची नसते. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले, ते सामाजिक न्यायाचे पाऊल म्हणून योग्यच गौरवले गेले. परंतु त्याला आरोग्याचीही बाजू आहे. फुटलेल्या काचेने मनगटाच्या शिरा व स्नायुबंध कापले जाण्याचा धोका तर टळतोच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दागिना उतरवण्यातून अपशकुनाचा अर्थ निघून गेला, तर सर्पदंशाच्या वेळी, बाळंतपणात, शस्त्रक्रियेपूर्वी तो निःशंकपणे उतरवता येईल. कायान स्त्रिया आणि नाशिकच्या स्त्रिया यांच्यातील खरे साम्य पितळेच्या वजनात नाही. दागिना अंगावरून उतरवण्याचा निर्णय जिच्या अंगावर तो आहे तिच्या हातात कितपत आहे, या प्रश्नात ते आहे.

उपाय खर्चाचे नाहीत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात अंगठी व वाळे कापण्याचे हत्यार असावे आणि ते कोणत्या कपाटात आहे हे रात्रपाळीच्या परिचारिकेला ठाऊक असावे. आदिवासी भागातील आठवडे बाजारांत विकल्या जाणाऱ्या दागिन्यांची निकेल-चाचणी करून पाहणे हे नाशिकमध्येच मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज हाती घेता येण्यासारखे काम आहे, आणि आदिवासी विकास आयुक्तालयही याच शहरात आहे. शस्त्रक्रियेच्या काळापुरती दोऱ्यात ओवलेली काळ्या काचमण्यांची पोत गळ्याऐवजी हातात बांधण्याची मुभा रुग्णालयांनी आपण होऊन सांगितली, तर अनेक वाद टळतील. तोवर वाचकांनी आपल्यापुरते एवढे तरी करावे: मृगाच्या आधी घरातील प्रत्येक बाईची जोडवी, बांगड्या आणि वाळे साबणाच्या पाण्याने निघतात की नाही हे एकदा पाहून घ्यावे, आणि जे निघत नाहीत ते सोनाराकडून सैल करून आणावेत.